शाळेतला टीव्ही आणि पुढची पाच वर्षं

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. २००७ च्या पावसाळ्यानंतर तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. शाळा पहिली ते चौथीची, शिक्षक एक, मुलं वीस-बावीस. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे निकोलस निग्रोपाँटी यांनी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही जगभराची मोहीम काढली होती आणि तिचा भारतातला पहिला प्रयोग या वस्तीवर झाला. आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या लॅपटॉपना नकार दिला होता. त्यामुळे हे यंत्र देशात आलं ते सरकारी योजनेतून नाही, तर मोहिमेच्या माणसांमार्फत आणि उद्योगाच्या मदतीने. यंत्र विचारपूर्वक बनवलेलं होतं. ते कमी विजेवर चालायचं आणि त्याचा पडदा उन्हातही वाचता यायचा. कर्जतच्या वाडीवर असंच यंत्र हवं होतं.

भारतात ती मोहीम फारशी पसरली नाही. जगात इतरत्र तिचं काय झालं ते पाहण्याजोगं आहे. पेरू देशाने लाखो लॅपटॉप घेऊन खेड्यांतल्या शाळांत वाटले. २०१२ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मुलांच्या भाषेत आणि गणितात त्यामुळे फरक पडल्याचं आढळलं नाही. उरुग्वेनेही २००७ मध्येच सुरुवात केली. पण त्यांनी त्यासाठी ‘सेइबाल’ ही सरकारी व्यवस्था उभारली. दुरुस्ती, इंटरनेट, शिक्षकांचं प्रशिक्षण ही सगळी कामं तिच्याकडे दिली आणि दर वर्षी तिच्यासाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवले. ती व्यवस्था आजही चालू आहे. यंत्र दोन्ही देशांनी घेतलं. एका देशाने यंत्रानंतरच्या वर्षांचीही तरतूद केली.

कर्जत आणि त्याच जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्याच्या शाळांचा प्रश्न मला इथेच दिसतो. टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब, संगणक या वस्तू शाळेला कुणी ना कुणी देतं. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी असतो, कंपनी असते, माजी विद्यार्थी असतात, मुंबई-पुण्याचे दाते असतात. फीत कापली जाते, फोटो निघतो. दुसऱ्या वर्षी रिमोट हरवतो, तिसऱ्या वर्षी दमट हवेने सर्किट जातं, मधेच वीजबिल थकून मीटर काढून नेतात. तेव्हा पैसे कोणी द्यायचे याचं उत्तर कुठल्याच योजनेच्या कागदावर नीट सापडत नाही. ते उत्तर स्थानिक स्वराज्य संस्थांनीच द्यायला हवं, आणि त्यांच्याकडे ते देण्यापुरता पैसा आहे, असं मला वाटतं. हा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो, ते समजून घेऊ.

आधी शाळेच्या हातात काय असतं ते पाहू. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळेला दर वर्षी एकत्रित शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,००० आणि १,००० पर्यंत ७५,०००. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी खर्च करायचे. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ डागडुजी, नळाची तोटी आणि वीजबिल. कर्जतच्या डोंगरपट्ट्यातल्या ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्यांवर तिशीच्या आतला पट नवा नाही. म्हणजे वर्षाचे दहा हजार.

त्याच समग्र शिक्षा योजनेत तंत्रज्ञानासाठी वेगळं शीर्ष आहे. संगणक प्रयोगशाळेला एकदाच ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि पुढची पाच वर्षं दर वर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत. स्मार्ट वर्गखोलीला एकदाच २ लाख ४० हजार आणि दर वर्षी ३८ हजार. या आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवं. २ लाख ४० हजारांच्या वस्तूमागे वर्षाला ३८ हजार, म्हणजे जवळपास सोळा टक्के, वीज आणि डिजिटल साहित्यासाठी लागतात हे केंद्र सरकारने स्वतः मान्य केलं आहे. मात्र हे शीर्ष सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांसाठी आहे. वाडीवरची चौथी-पाचवीपर्यंतची शाळा त्यात बसत नाही. तिला टीव्ही मिळाला तर तो बाहेरून मिळतो, आणि त्याच्यामागे येणारा खर्च दहा हजारांतून भागवायचा असतो. मोठ्या शाळेच्या एका स्मार्ट वर्गाला चालवायला सरकार जेवढं देतं, त्याच्या जेमतेम पावपट रकमेत वाडीची अख्खी शाळा वर्षभर चालते.

शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या कलम ९ ने, शाळेच्या इमारतीपासून अध्ययन साहित्यापर्यंतची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची जी यादी आहे, तिच्यात संगणकाचा उल्लेख नाही. वर्गखोली, स्वच्छतागृह, पाणी, क्रीडांगण, कुंपण, ग्रंथालय आहे. त्यामुळे डिजिटल साधनं ही कायद्याच्या दृष्टीने अजून ‘असली तर बरं’ या कप्प्यात आहेत, आणि त्या कप्प्यातल्या गोष्टींवर अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कात्री चालते.

मग हे स्थानिक प्राधिकरण म्हणजे कोण? ग्रामीण भागात अलिबागला बसणारी रायगड जिल्हा परिषद, तालुक्याची पंचायत समिती आणि गावची ग्रामपंचायत. खालापूर तालुक्यात खोपोलीची नगर परिषद आणि खालापूरची नगर पंचायत आहे. कर्जत तालुक्यात कर्जत आणि माथेरान अशा दोन नगर परिषदा आहेत. त्याशिवाय पाथरज, कळंब अशा ठिकाणच्या शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या आणि पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. एकाच वाडीतला धाकटा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो आणि थोरली बहीण आश्रमशाळेत. दोघांच्या संगणकाचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो, आणि ही खाती एकमेकांशी क्वचितच बोलतात.

स्थानिक पैशातून शाळा चालवण्याची रीत या भागात जुनी आहे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा उपकर घ्यायला सुरुवात झाली, १८६९ च्या कायद्याने त्याला आधार मिळाला, आणि त्या लोकल फंडाचा एक तृतीयांश भाग प्राथमिक शाळांसाठी राखला गेला. उरलेला रस्त्यांवर जायचा. रयतेच्या साऱ्यातून निघालेल्या त्या आण्याच्या हिश्श्यावर इलाखाभर गावोगाव शाळा उभ्या राहिल्या. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या आणि उपकरही आला. जिल्हा परिषद कायद्यात तो जमीन महसुलाच्या रुपयामागे २० पैसे असा आहे. जमीन महसूलच आता इतका थोडा आहे की त्यातून फारसं काही हाती लागत नाही, पण जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाला लोक आजही सेस फंडच म्हणतात.

त्या फंडात आज खरी भर पडते ती मुद्रांक शुल्कावरच्या अधिभारातून. ग्रामीण भागात जमीन-घराची खरेदी झाली की मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का जादा घेतला जातो आणि तो जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती यांच्या वाट्याला येतो. कर्जत-खालापुरात या एक टक्क्याला मोठा अर्थ आहे. द्रुतगती महामार्ग खालापुरातून जातो. नेरळपासून कर्जतपर्यंत गृहसंकुलं उभी राहत आहेत, उल्हासच्या काठाने फार्महाऊसं झाली आहेत आणि पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाच्या कामाने जमिनीचे भाव आणखी चढवले आहेत. या प्रत्येक व्यवहाराने स्थानिक संस्थांसाठी काही ना काही मागे ठेवलं आहे. ज्या डोंगराकडे पाहून माणसं इथे घर घेतात, त्याच डोंगरातल्या शाळेच्या वीजबिलासाठी या पैशातला ठरावीक हिस्सा बांधून ठेवावा, ही मागणी मला अगदी रास्त वाटते.

ग्रामपंचायतीकडे येणारा दुसरा मोठा पैसा वित्त आयोगाचा. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या काळातला ग्रामीण निधी सगळाच्या सगळा ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्याने तो तीन स्तरांत वाटला. महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. पण त्यात अट आली. साठ टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. चाळीस टक्के अबंधित. गावातले रस्ते, गटारं, दिवाबत्ती, अंगणवाडी, शाळा सगळं या चाळीस टक्क्यांत. सरपंचावर गटारासाठी जितका दबाव येतो तितका शाळेच्या प्रोजेक्टरसाठी येत नाही, हे समजण्यासारखं आहे. पैसा अबंधित असला तरी मतदार मोकळा नसतो.

दहा-दहा टक्क्यांचंही एक दुखणं झालं. वित्त आयोगाचा निधी निवडून आलेल्या संस्थेलाच मिळतो. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, रायगडचीही. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, आणि वरच्या दोन स्तरांचा वाटा अडकला. तालुक्यातल्या सगळ्या शाळांसाठी मिळून काही करायचं तर ते पंचायत समितीच्याच पातळीवर होऊ शकतं. एकेका ग्रामपंचायतीला ते झेपत नाही. म्हणून हा अडकलेला वाटा शाळांना जास्त नडला.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाकडे पाहिलं की कर्जत आणि खालापूर वेगळे दिसू लागतात. खालापुरात खोपोलीचा कारखान्यांचा पट्टा आहे, पाताळगंगा औद्योगिक वसाहत आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासूनचं. कारखाना ज्या हद्दीत येतो तिथे करापोटी उत्पन्न येतं, कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसाही तिकडेच वळतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी द्यायला लावले आणि आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्या असंही सांगितलं. ‘आजूबाजूचा परिसर’ याचा अर्थ व्यवहारात कारखान्याच्या फाटकाजवळची शाळा असा होतो. तिला एक संगणक कक्ष मिळतो, मग दुसरी कंपनी येऊन दुसरा देते. भीमाशंकरच्या पायथ्याकडच्या वाडीला कारखाना नाही, म्हणून कंपनीही नाही. तिची ग्रुप ग्रामपंचायत चार-सहा गावं आणि दहा वाड्यांची, घरपट्टी तुटपुंजी, आणि कार्यालय वाडीपासून तासभर चालण्याच्या अंतरावर.

या वाड्यांवर आणखी एक अन्याय होतो, आणि तो नकाशावरच्या एका रेषेने होतो. कर्जतच्या उत्तरेला ठाणे जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातला शहापूर तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून तिथे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू होतो. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट द्यायचा निर्णय घेतला. ग्रामसभेने ठरवायचं आणि खर्च करायचा. शिक्षण त्यात येतं. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांना हा थेट निधी मिळत नाही. डोंगर सारखा, पाऊस सारखा, माणसं सारखी, शाळाही सारखीच. जिल्ह्याची हद्द ओलांडली की ग्रामसभेच्या हातातला पैसा संपतो.

राज्यातली पहिली डिजिटल शाळा म्हणून जिचं नाव झालं ती पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळाही त्याच शहापूर तालुक्यातली. तिथल्या शिक्षकाने गावाला सोबत घेऊन वर्गात तंत्रज्ञान आणलं आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लोकवर्गणीतून हजारो शाळा डिजिटल झाल्या. शिक्षकांनी गावजेवणाचे, जत्रेचे, लग्नाच्या आहेराचे पैसे शाळेकडे वळवले. कित्येकांनी पदरचे घातले. त्या उमेदीबद्दल मनात आदरच आहे. पण लोकवर्गणी ही एका उत्साहाच्या क्षणी गोळा होते. यंत्र बिघडल्यावर पुन्हा वर्गणी मागायला गेलेल्या गुरुजींना गाव तेवढ्याच आनंदाने पैसे देत नाही. शिवाय ज्या गावात ऊस आहे, द्राक्षं आहेत, तिथली वर्गणी आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जाणाऱ्या कातकरवाडीतली वर्गणी यांची बरोबरी कशी होणार? सरकारी शाळेचा दर्जा वाडीच्या ऐपतीवर ठरू लागला, तर ती सरकारी राहिली कशाला?

आता त्या थकणाऱ्या वीजबिलाचा हिशेब करून पाहू. वर्गातला मध्यम आकाराचा एलईडी टीव्ही साधारण १२० वॅट वीज घेतो असं धरू. रोज चार तास, वर्षाचे २०० शाळेचे दिवस. एकूण ९६ युनिट होतात. म्हणजे टीव्हीने वर्षभरात शंभर युनिटही जळत नाहीत. बिल वाढतं ते स्थिर आकाराने, शाळेला घरगुती दर लागत नसल्याने, आणि दोन-तीन महिने न भरल्यावर चढणाऱ्या व्याजाने. शाळा बिल पुढे पाठवते, ग्रामपंचायत म्हणते शाळा जिल्हा परिषदेची, जिल्हा परिषद म्हणते अनुदानातून भरा. रक्कम छोटी असूनही कुणाच्याच खात्यात ती कायमची लिहिलेली नसते, म्हणून थकते. इंटरनेटचंही तसंच. अनेक शाळांत शिक्षक स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरून दीक्षा अॅपवरचा पाठ दाखवतात. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापलेला असतो, तो उघडायचा खर्च मात्र शिक्षकाच्या रिचार्जमधून जातो.

अमेरिकेने या बाबतीत वेगळा विचार केला. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून तिथे ‘ई-रेट’ नावाची योजना निघाली. दूरसंचार कंपन्यांकडून जमा होणाऱ्या निधीतून शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेट जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळते. शाळेतली मुलं जितकी गरीब, तितकी सवलत जास्त. लॅपटॉप-टॅब मात्र या पैशातून घेता येत नाहीत. यंत्राची सोय तिथल्या शाळा आणि गावं आपापल्या परीने करतात, पण दर महिन्याला येणारा जोडणीचा खर्च कायद्याने वाटून घेतला आहे. आपल्याकडे उलट आहे. वस्तू द्यायला सगळे पुढे येतात. महिन्याचं बिल एकट्या शाळेवर पडतं.

मग करायचं काय? तालुक्याच्या पातळीवर, पंचायत समितीत, सगळ्या शाळांच्या साधनांचा एकच देखभाल करार व्हावा आणि पगारावर एक तंत्रज्ञ असावा. पावसाळ्यात बंद पडलेला टीव्ही तो आठवड्याच्या आत पाहून जाईल. प्रत्येक शाळेने सुटा सुटा मिस्त्री शोधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. जिल्हा परिषदेने सेस फंडात ‘शाळा वीज व इंटरनेट’ असं वेगळं शीर्ष उघडावं आणि मुद्रांक शुल्काच्या वाट्यातून ते दर वर्षी भरावं. कंपनीकडून साधन स्वीकारताना पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च करारातच लिहून घ्यावा. नसेल तर नम्रपणे नको म्हणावं. आणि खालापूरच्या कारखान्यांचा पैसा कर्जतच्या वाड्यांपर्यंत पोचावा यासाठी जिल्हाधिकारी पातळीवर शाळांची गरजेनुसार यादी असावी, म्हणजे दात्याला फाटकापलीकडचं दिसेल.

ही यंत्रं वाडीवरच्या शाळेत कशाला, असं विचारणारेही भेटतात. ठाकूर आणि कातकरी मुलांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. पहिलीच्या मुलाला पुस्तकातलं जहाज, विमानतळ, समुद्रकिनारा चित्रातूनसुद्धा कळत नाही, ते हलताना दिसलं की कळतं. आजीची गोष्ट तिच्याच बोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गात ऐकवली की गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. एका शिक्षकाला चार वर्ग सांभाळायचे असतात तेव्हा दोन वर्ग पडद्यासमोर बसवून उरलेल्या दोन वर्गांकडे लक्ष देता येतं. शहरातल्या मुलाला शाळेबाहेर हे सगळं मिळतं, वाडीतल्या मुलाला शाळेत मिळालं तरच मिळतं. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हा फरक सगळ्यांनी पाहिला आहे.

कर्जत-खालापुरात राहणाऱ्या, किंवा इथे घर घेतलेल्या, वाचकांना एक विनंती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्याने या समितीला दिला आहे. समितीने ठराव करून शाळेची वीज, इंटरनेट आणि दुरुस्ती ही तीन कामं ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहून घ्यायची असतात. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चावे लागतात. त्यातूनही शाळेसाठी मागणी करता येते. आपल्या ग्रामपंचायतीचा मंजूर आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. तो उघडा, शाळेच्या नावाने किती रक्कम लिहिली आहे ते बघा, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा.